न गेलेले उन्हाळे

१

हावेल्ला या आमच्या शिडाच्या बोटीवर दिवस सहाला सुरू व्हायचा. हालवार्ड आधी उठायचा, कॉफीची किटली स्टोव्हवर ठेवायचा आणि रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की आवाज मोठा करायचा, म्हणजे मीही उठावं. मी पाव कापायचे, तपकिरी चीजचे पातळ काप काढायचे. तेवढ्यात तो डेकवर जाऊन दोर तपासून यायचा. आदल्या संध्याकाळी ते त्यानेच बांधलेले असत. पण चाळीस वर्षं कारफेरीच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस. स्वतःच्या गाठीवरही त्याचा एका रात्रीपुरताच विश्वास.

नऊला शीड चढायचं. दिवसाला चार तास, त्याहून जास्त नाही, असा त्याचा नियम होता. एकच्या सुमारास कुठल्यातरी बेटाच्या धक्क्याला लागायचं. मग तो दोर आवळत बसे आणि मी धक्क्यावरच्या खोलीत जाऊन पाहुण्यांच्या वहीत नोंद करून येई. आमच्या किनाऱ्यावर चार घरांच्या बंदरातही अशी वही असतेच. बोटीचं नाव, माणसांची नावं, वारा कसा होता, आणि आणखी काही सुचलं तर ते. हे काम माझ्याकडे, कारण मी शाळेत बाई होते. हालवार्डचं अक्षर यंत्रावरच्या पाटीसारखं होतं. प्रत्येक अक्षर सुटं, ताठ, ठळक. त्याच्या वाढदिवसाच्या चिठ्ठ्याही धोक्याच्या सूचनेसारख्या दिसायच्या.

जूनच्या शेवटी आम्ही ट्रॉन्हेमहून निघालो होतो. बेटाबेटाने उत्तरेला जायचं, आर्क्टिक वृत्त ओलांडायचं, बोडोला पोचायचं. बोट दोन वर्षांपूर्वी एका दंतवैद्याकडून घेतलेली. तेव्हा तिच्यावर 'रोझमारी' असं नाव होतं. हालवार्डने पहिल्याच आठवड्यात ते खरवडून काढलं आणि 'हावेल्ला' रंगवलं. ते एक समुद्री बदक आहे, थंडीत आमच्या किनाऱ्यावर येतं. मी विचारलं, "हेच नाव का रे?" तर म्हणाला, "मग दुसरं कुठलं?"

या सफरीचा बेत आम्ही लग्नाच्या सातव्या वर्षी केला होता. मध्ये अठ्ठावीस उन्हाळे गेले.

२

स्टोक्वेर नावाच्या बेटावर पहिल्यांदा ते झालं.

धक्क्यावरच्या खोलीत टेबलावर पडलेली वही भरून गेली होती, नवी कुणी ठेवली नव्हती. फळीवर जुन्या वह्या रचलेल्या होत्या. त्यातल्या एखादीत कोरी पानं मिळतील म्हणून मी चाळू लागले. बाहेर हालवार्ड शेजारच्या बोटीवरच्या माणसाशी पंपाबद्दल बोलत होता, त्याचा आवाज खिडकीतून येत होता.

एका वहीत, मधल्याच पानावर, ताठ सुटी अक्षरं दिसली.

'हावेल्ला. हालवार्ड आणि आसलाउग. नैऋत्येचा मंद वारा. आसलाउग दोनदा पोहली. उद्याही इथेच.'

आसलाउग म्हणजे मी. तारीख होती १९ जुलै १९९७.

मी आधी हसले. मला वाटलं, हा मघाशी अंघोळीला वर येऊन गेला, तेव्हा गंमत केली. मग शाई पाहिली. पान जुनं होऊन पिवळं पडलं होतं आणि शाईही त्याच्याबरोबरच फिकी झाली होती. नोंदीच्या वर अठरा तारखेची एक नोंद होती, खाली वीस तारखेची. खालची कुणा बर्गनच्या कुटुंबाची होती आणि तिच्या शेवटी लिहिलं होतं, 'हावेल्लावरच्या जोडप्याने दिलेल्या बांगडा माशांबद्दल आभार.'

१९ जुलै १९९७. त्या दिवशी आम्ही माझ्या आईला पुरलं होतं. पाऊस होता. शवपेटीच्या डाव्या बाजूला पुढे हालवार्ड होता, त्याचा कोट खांद्यावर उसवला होता आणि तो शिवायचा राहिला म्हणून मी भर विधीत त्या शिवणीकडेच बघत होते. अशी गोष्ट माणूस विसरत नाही.

मी वही परत फळीवर ठेवली, बाकीच्यांच्या खाली. बाहेर आल्यावर हालवार्डने विचारलं, "लिहिलंस?"

"वही संपली आहे," मी म्हणाले.

३

मी त्याला दोन दिवस काही सांगितलं नाही. पण आता प्रत्येक बंदरात मी जुन्या वह्या मागू लागले. लोकांना वाटायचं, निवृत्त बाई आहेत, वाचनाची आवड असेल.

सगळीकडे नव्हतं. तीन बंदरांमागे एखाद्या ठिकाणी. पण होतं. ऑगस्ट १९९४, 'आसलाउगने पहिल्यांदा एकटीने बोट धक्क्याला लावली. छान लावली.' २००३, 'तीन दिवस पाऊस. पत्ते. ती जिंकली.' २००८, 'आसलाउगच्या हाताला नांगराची साखळी लागली. मी पट्टी बांधली. ती म्हणते काही नाही, पण रात्रभर दुखलं.'

चौऱ्याण्णवला आमच्या छपराचं काम निघालं होतं. दोन हजार तीनला मी नुकतीच मुख्याध्यापक झाले होते आणि सुट्टीतही शाळेत जात होते. आठ साली मी म्हणाले, अजून एक वर्ष, मग मोकळी होईन. एकेका वर्षाला एकेक कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. दर वर्षी मे महिन्यात तो किनाऱ्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर उलगडायचा. मी म्हणायचे, "पुढच्या उन्हाळ्यात जाऊ." तो "बरं" म्हणायचा आणि होत्या त्याच घड्यांवर नकाशा दुमडून खणात ठेवायचा. अठ्ठावीस वर्षांत तो एकदाही चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माशांच्या वड्या आणि बटाटे खात होतो, तेव्हा मी विचारलं.

"तू आधी इकडे आला होतास?"

"इकडे म्हणजे?"

"या बेटांवर. कुणाबरोबर."

दोन दिवस मी याच विचारात होते. त्याची पाळी दोन आठवडे फेरीवर, दोन आठवडे घरी अशी असायची. फेरीवरच्या दोन आठवड्यांत तो कुठे होता, हे मी कधी विचारलं नव्हतं. एखादी बाई असेल. तिला तो वहीत माझ्या नावाने लिहीत असेल. हा विचार भयंकर होता, तरी मला तो हवाहवासा वाटत होता, कारण त्याचा अर्थ तरी लागत होता. फक्त त्या एकोणीस जुलैचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

हालवार्डने काटा खाली ठेवला.

"तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

"मी कधी आले होते रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. शाळेत एखादं मूल सोपं उत्तर विसरलं की मी तशी बघायचे.

"आसलाउग, स्टोक्वेरला केवढे बांगडे लागले होते. आपल्याला संपेनात. तूच म्हणालीस, त्या बर्गनवाल्यांना देऊन टाक."

मी त्याला त्या वहीबद्दल एक अक्षरही बोलले नव्हते.

४

दुसऱ्या दिवशी एका बेटावर किराणा घ्यायला उतरलो तेव्हा मी इंगुनला फोन केला. इंगुन आमची मुलगी, बर्गनला असते, दवाखान्यात क्ष-किरण विभागात काम करते.

"आई, झालं का भांडण?" तिने फोन उचलताच विचारलं. "मी म्हटलंच होतं, एकतीस फुटांच्या बोटीत तुम्ही दोघं दोन आठवड्यांवर टिकणार नाही."

"भांडण नाही गं. एक सांग. आजीच्या अंत्यविधीला बाबा होता ना?"

"काय विचारतेस? होताच. मी अकरा वर्षांची होते. मी रडत होते तर त्याने मला कोटाच्या आत घेतलं होतं. ओल्या लोकरीचा वास अजून आठवतो मला. का?"

"त्याला वाटतं, तो तेव्हा समुद्रावर होता. माझ्याबरोबर."

 मग तिचा आवाज बदलला, दवाखान्यातला झाला. "आई, हे कधीपासून? नावं विसरतो का? तेच तेच विचारतो का?"

"नाही. काहीच विसरत नाही. उलट..."

उलट त्याला फार आठवत होतं, हे तिला कसं सांगणार? त्याच्या आठवणीत घोटाळा नव्हता. फलाण्या बेटाच्या मागे खडक आहे, नकाशात नाही, तिथून दूर राहा, असं तो म्हणायचा आणि ओहोटीला तिथे खडक निघायचा.

"परत फिरा," इंगुन म्हणाली. "घरी आल्यावर डॉक्टरांना दाखवू. आणि तू घाबरू नकोस."

मी "बरं" म्हणाले. धक्क्यावर हालवार्ड उन्हात पाय पसरून बसला होता आणि चेरी खात होता. बिया पाण्यात टाकत होता, एकेक, नेम धरून. तरुण दिसत होता. अठ्ठावीस वर्षांत मी त्याला इतकं निवांत पाहिलं नव्हतं. इंगुनचा सल्ला त्याला सांगायचा माझा धीर झाला नाही. खरं सांगायचं तर मलाही परत फिरायचं नव्हतं. पुढच्या बंदरातली वही मला वाचायची होती.

कारण एव्हाना मला त्या बाईचा मत्सर वाटू लागला होता. ती थंड पाण्यात दोनदा पोहत होती. पावसात तीन दिवस पत्ते खेळत होती. तिला कुठे जायचं नव्हतं. हालवार्ड म्हणाला, "तू सुकाणूवर असलीस की गातेस, तुला माहीत नसतं." मी गात नाही. लहानपणी एका मास्तरांनी मला गाताना थांबवलं होतं, तेव्हापासून नाही. त्या दिवशी तो खाली झोपला असताना मी सुकाणू धरून गायचा प्रयत्न केला. आवाज आला, पण चांगला नव्हता. तो जागा झाला नाही.

५

धुकं आलं ते दुपारी बाराच्या सुमाराला. उन्हाळ्यात तिकडे येतं तसंच, समुद्राकडून, भिंतीसारखं. आम्ही एका ओसाड बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. वारा पडला होता. उजेड भरपूर होता, पण दिसत काही नव्हतं. डोलकाठीचं टोकसुद्धा नाही.

खाली केबिनमध्ये हालवार्ड बटाटे सोलत बसला. मी त्याच्या समोर बसून गाजरं कापत होते. धुक्यात आवाज फार नीट ऐकू येतात. आधी साखळीचा आवाज आला, नांगर खाली जाताना येतो तसा. लांबचा नाही, पन्नास-साठ फुटांवरचा.

"आणखी कुणीतरी आलं आसऱ्याला," मी म्हणाले. शेजार मिळाला म्हणून मला बरं वाटलं.

हालवार्ड बटाटे सोलत राहिला.

मग पावलं. अनवाणी, डेकवरून पुढे मागे. भांड्यांचा आवाज. स्टोव्हवर किटली ठेवल्याचा. कुणीतरी रेडिओ लावला आणि हवामानाचा अंदाज सुरू झाला. मी घड्याळाकडे पाहिलं. ती अंदाजाची वेळ नव्हती. आवाज मोठा केला गेला.

एक बाई हसली. अगदी मोकळं, पोटातून.

मग एका पुरुषाचा आवाज आला. "उठलीस का? कॉफी झाली."

तो हालवार्डचा आवाज होता. आणि हालवार्ड माझ्यासमोर बसला होता, त्याच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता आणि ओठ मिटलेले होते.

मी स्वतःला समजावलं, खडकावरून आवाज उलटून येतो. पण तो काही बोललाच नव्हता, तर उलटून काय येणार? कुणी दुसरा असेल, त्याच भागातला, त्याच हेलाचा. हालवार्डच्या गावचे पुष्कळ लोक फिरतात या दिवसांत. मी हे मनात म्हणत होते आणि गाजर इतकं बारीक कापत होते की त्याचा चुरा झाला होता.

हालवार्डने सोलणं थांबवलं होतं. मान जरा वाकडी करून तो ऐकत होता. इंजिनखोलीत एखादा बारीक आवाज पकडताना तो तसा उभा राहायचा. त्याचा चेहरा... त्या चेहऱ्यावर भीती असती तर मी त्याच्या गळ्यात पडले असते.

"किती जवळ आहेत बघ," तो हळूच म्हणाला.

बाहेर ती बाई गाऊ लागली. नीटसं गाणं नव्हतं, कामात असताना आपसूक निघतं तसं. आवाज माझा होता. कुणी कधी थांबवला नसता तर जसा झाला असता तसा.

मी उठले, वर गेले आणि इंजिन सुरू केलं. नांगर कसा वर घेतला आठवत नाही. त्या गदारोळात बाकी काही ऐकू येईना. धुक्यात इंजिन चालवत निघणं हा वेडेपणा होता, हालवार्डने कुणालाही तसं करू दिलं नसतं. त्या दिवशी तो फक्त जिन्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला आणि मागे, जिथे पांढरं सोडून काही नव्हतं तिथे, बघत राहिला.

६

दोन दिवसांनी आम्ही उटहोल्मेनला पोचलो. आर्क्टिक वृत्त तिथून चार तासांवर होतं. बेटावर एक टेकडी, सात-आठ घरं आणि धक्क्याला लागून एक कॅफे. कॅफे बोर्गहिल्ड नावाची बाई चालवायची. सत्तरीची असेल, हात कणकेने पांढरे.

"या, या," ती हालवार्डला म्हणाली. "म्हटलं यंदा उशीर का केलात. खिडकीतली खुर्ची ठेवलीय." मग माझ्याकडे पाहिलं आणि जरा घुटमळली. "तुम्हाला यंदा उन्हाचा रंग नाही चढलेला. बरं नव्हतं का?"

"बरी आहे," मी म्हणाले.

हालवार्ड खिडकीतल्या खुर्चीत बसला, हात लांब करून पडदा सरकवला. पडद्याची दोरी मागच्या बाजूला होती. त्याला शोधावी लागली नाही. वॉफल आले, स्ट्रॉबेरीचा मुरंबा आणि आंबट साय घेऊन. तो दोन खाऊन तिसऱ्याकडे वळला. बोर्गहिल्ड म्हणाली, "बाईंना सांगू नका हं मी तिसरा दिला." आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाली, चुकीच्या माणसासमोर बोलल्यासारखी.

वही काउंटरवर होती. गेल्या वर्षीचं पान मी काढलं. गेल्या जुलैत आम्ही घरी होतो, बोटीचा तळ रंगवत होतो.

'हावेल्ला. हालवार्ड आणि आसलाउग. स्वच्छ ऊन. पुढच्या खेपेस आणखी वर जाऊ. आसलाउग म्हणते, आता घाई काय आहे.'

मी वही त्याच्यासमोर ठेवली. तो वाचून हसला, जुना फोटो बघून हसावं तसा.

"हालवार्ड, हे तू लिहिलंस?"

"माझंच अक्षर आहे ना."

"गेल्या वर्षी आपण घरी होतो. अंगणात. तुझ्या मिशीला निळा रंग लागला होता, तो आठवडाभर जात नव्हता."

"तेही आठवतं," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो जरा थकलेला वाटला. "दोन्ही आठवतं मला. पहिल्यांदा मी तुला समजावायचा विचार केला. पण कसं समजावणार? तू नाही म्हणायचीस, मी नकाशा खणात ठेवायचो, आणि मग... आपण जायचो. दर वर्षी. मला वाटायचं, तुलाही माहीत असेल आणि तू बोलत नसशील."

"ती मी नव्हते."

"तूच होतीस गं." त्याने माझा हात हातात घेतला. त्याच्या तळव्यावरचे घट्टे मी पस्तीस वर्षं ओळखत होते. "उद्या पुढे जाऊ या. चार तास फक्त. तू सुकाणूवर बस, वृत्त तूच ओलांड. चल ना, आसलाउग. या वेळी तू चल."

त्याने 'या वेळी तू' असं म्हटलं. मला ते ऐकू आलं, आणि का म्हटलं तेही कळलं. माझ्या मनात हो होतं. आयुष्यात कशाचीच इतकी ओढ मला लागली नव्हती. पण धुक्यातलं ते हसणं कानात होतं. तिकडे वर, त्या शेवटच्या चार तासांनंतर, ती डेकवर उभी असेल आणि माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं. आणि मग आम्हा दोघींपैकी कुणी राहायचं?

"इंगुन म्हणते परत फिरा," मी म्हणाले. "तुला जरा डॉक्टरांना दाखवू. हवाही बदलणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ."

शब्द बाहेर पडल्यावर मी तोंडावर हात ठेवला.

"बरं," हालवार्ड म्हणाला. नेहमीसारखंच. आवाजात राग नव्हता. त्याने माझ्या हातावर थोपटलं, हात सोडला आणि उरलेला वॉफल संपवला.

७

सकाळी आठला मी टेकडीवर गेले. धक्क्यावर फोन लागत नव्हता आणि आम्ही परत फिरतोय हे इंगुनला कळवायचं होतं. हालवार्ड डेकवर दोर तपासत होता. मी म्हणाले, "अर्ध्या तासात आले." तो म्हणाला, "सावकाश ये."

वर पोचायला वीस मिनिटं लागली. सगळा समुद्र दिसत होता, बेटं, मागे पांढऱ्या डोक्यांचे डोंगर. ऊन होतं. धुक्याचा मागमूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते.

धक्क्याला हावेल्ला बांधलेली होती. आणि बाहेर, बंदराच्या तोंडाशी, हावेल्ला नांगर टाकून उभी होती. तोच निळा पट्टा, तीच डोलकाठी. फक्त तिचं शीड वापरून वापरून मऊ झालेलं, पिवळसर दिसत होतं. आमचं दोन वर्षांचं होतं.

आमच्या बोटीमागे बांधलेली असते त्या छोट्या होडीतून हालवार्ड वल्ही मारत तिच्याकडे निघाला होता. वल्ही मारताना पाठ तिच्याकडे असते आणि तोंड मागे. म्हणजे त्याचं तोंड माझ्याकडे, टेकडीकडे होतं. त्याने मला पाहिलं असणार. मी ओरडले, हात हलवले. त्याचा हात थांबला नाही.

त्या बोटीच्या डेकवर एक बाई उभी होती. उन्हाने तांबूस झालेले दंड, पांढरे केस आखूड कापलेले. ती कठड्यावरून खाली वाकली, त्याने फेकलेला दोर तिने न बघता झेलला आणि दोन वेढे देऊन बांधला. त्याला वर यायला हात दिला. तो वर चढला आणि क्षणभर दोघं तसेच हात धरून उभे राहिले.

मग तिने डोळ्यांवर हाताचा आडोसा केला आणि टेकडीकडे पाहिलं.

चेहरा सावलीत होता. मला दिसला नाही. मी पळत सुटले.

खाली पोचले तेव्हा बंदराच्या तोंडाशी काही नव्हतं. उत्तरेला दोन बेटांच्या मध्ये एक पिवळसर ठिपका होता, तोही खडकाच्या आड गेला. आमच्या बोटीवर स्टोव्ह बंद होता. किटली गरम होती. एकच कप बाहेर काढून ठेवला होता, माझा.

८

बचाव पथकाची बोट दोन तासांत आली, नंतर हेलिकॉप्टर. पथकाचा प्रमुख एक जाडजूड, सभ्य माणूस होता. मी त्याला सांगितलं, नवरा छोट्या होडीतून बाहेर गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या बोटीबद्दल मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी शोधायचं सोडून मलाच औषध देऊन झोपवलं असतं.

तो बोर्गहिल्डला विचारायला गेला. मी दारात उभी होते.

"बुडालं? कोण बुडालं?" ती म्हणाली. "ते दोघं तर सकाळीच गेले. नवरा-बायको. मी इथूनच हात केला. बाई हसत होत्या. दर वर्षी येतात हो, चांगली माणसं आहेत." मग तिने मला पाहिलं. काल वॉफल दिले होते, मुरंबा आणखी हवा का विचारलं होतं; पण तिच्या नजरेत ओळख नव्हती. "तुम्ही त्यांच्या कोण?"

प्रमुखही माझ्याकडे बघत होता. माझ्या खिशात लग्नाचं वर्ष कोरलेलं हालवार्डचं घड्याळ होतं, ते त्याने उशीवर काढून ठेवलं होतं. दाखवता आलं असतं.

"मी बाजूच्या बोटीतली," मी म्हणाले.

तीन दिवस शोध झाला. होडी मिळाली नाही, वल्हं मिळालं नाही, काहीच नाही. तिथल्या प्रवाहाला ओढ फार आहे, असं अहवालात लिहिलं आहे. इंगुन आली आणि मला घरी घेऊन गेली. तिने एकदाच विचारलं, "आई, बाबा दुःखी होता का?" मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं.

बोट विकून टाक, असं सगळे सांगत होते. मी विकली नाही. त्या हिवाळ्यात शिकवणी लावली, एकटीने शीड चढवायला शिकले. आता दर जुलैत निघते. हा चौथा उन्हाळा. दिवसाला चार तास ठेवायचा प्रयत्न करते, पण मला ते जमत नाही; मी सहा-सात तास चालवते. तरी त्यांना गाठता येत नाही. बंदरात शिरल्यावर दोर बांधून आधी वहीकडे जाते. बऱ्याचदा काही नसतं. असतं तेव्हा ताठ सुट्या अक्षरांत असतं आणि शाई ताजी असते. परवाची, कधी कालची.

आज दुपारी इथे पोचले. नोंद आज सकाळची आहे. 'हावेल्ला. हालवार्ड आणि आसलाउग. आसलाउगला खडकावर ऊन खात बसायचं होतं म्हणून निघायला उशीर झाला.' तो खडक मी जाऊन पाहिला. दोन माणसं बसतील एवढा आहे, अजून कोमट होता, पण ऊन दिवसभर होतं, त्यावरून काही ठरत नाही.

त्यांच्या खालची ओळ कोरी आहे. बोटीचं नाव मी लिहिलं. वारा कसा होता तेही लिहिलं. मधली जागा सोडून ठेवली आहे. तिथे माणसाचं नाव लिहायचं असतं, आणि माझं नाव वरच्या ओळीत आधीच लिहिलेलं आहे.